गाठ म्हणजे नेमकी कोणती?



मागच्या वेळी आयंबिलच्या ओळीतल्या पदार्थांविषयी लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही. स्थानकातून घरी परतताना, दोघी-तिघीच असलो की हळू आवाजात निघतो, असा आहे. "तिच्या पिशवीत गाठ निघाली म्हणे." एवढं एक वाक्य, आणि पुढे सगळ्या गप्प.

मला खटकतं ते हे गप्प होणं. कारण "गाठ" या शब्दातून काहीच कळत नाही. पाळीत रक्ताच्या गुठळ्या पडल्या तर आपण म्हणतो "गाठी जातात." गर्भाशयाच्या भिंतीत मांस वाढलं तरी गाठ. अंडाशयात पाणी साठलं तरी गाठ, फार तर "पाण्याची गाठ". स्तनात लागते तीही गाठ आणि कॅन्सर झाला तर तीही गाठच. बाई डॉक्टरांना सांगते, "गाठी जातात हो," आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला वाटतं, चला, गाठी पडून गेल्या, बरं झालं.

आमच्या पिंपळगावात हे जास्तच विचित्र वाटतं. हे गाव बाजार समितीचं. आमच्या घरात जमीकंद येत नाही, कांद्याचं साल उंबऱ्याच्या आत येत नाही, तरी मला उन्हाळ, लाल, रांगडा कळतो, गोल्टी कुठली आणि खाद कुठली तेही कळतं. द्राक्षांत थॉम्पसन वेगळी, सोनाका वेगळी, शरद वेगळी. निर्यातीचा मणी किती एमएमचा भरला यावर भाव ठरतो, तो मोजायला शेतकऱ्याच्या खिशात भोकाभोकांची पट्टी असते. नाव चुकलं तर भाव चुकतो, हे इथल्या लहान पोरालाही समजतं. मग आपल्या पोटातल्या वस्तूला एकच नाव का?

मी कॉमर्स शिकलेली, डॉक्टर नाही. पण खातेवहीचा एक धडा मला जन्मभर पुरला. रक्कम बरोबर असली आणि खातं चुकलं तर सगळा हिशेब दिशाभूल करतो. सोनोग्राफीचा रिपोर्टही मी तसाच वाचायला शिकले, आधी खात्याचं नाव आणि मग आकडा. आमच्या घरातल्या तीन बायकांमुळे हे शिकावं लागलं. त्यांची नावं लिहीत नाही, नात्यानंच ओळखा.

पहिल्या माझ्या भुआसा. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. त्या चाळिशीच्या आतच विधवा झालेल्या, माहेरी म्हणजे आमच्याकडेच राहायच्या. पांढरं लुगडं, दोन वेळचं प्रतिक्रमण, रात्री चौविहार. त्यांचं पोट हळूहळू वाढायला लागलं. घरात कुणी काही बोललं नाही, पण गल्लीत बोलू लागले. स्थानकात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. हे मी लहान असूनही पाहिलं आहे.

शेवटी माझी आई त्यांना घेऊन तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तेव्हा आमच्याकडे सोनोग्राफी नव्हती, हातानं तपासायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कागदावर लिहून देताना मोठ्यानं म्हणाल्या, "सोळा आठवड्यांची पिशवी आहे." बाहेर बाकावर गावातल्या दोन बायका बसलेल्या. त्यांच्या कानावर "सोळा आठवडे" एवढंच गेलं. पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

गाठींमुळे गर्भाशय मोठं झालं की डॉक्टर त्याचा आकार गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात. बारा आठवड्यांचं गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या जेमतेम वर हाताला लागतं, वीस आठवड्यांचं बेंबीपर्यंत येतं. भुआसांचं या दोहोंच्या मधे होतं. म्हणजे ते एक माप होतं, जसं आपण "वाटीभर" म्हणतो. वाटीभर म्हटलं म्हणून ताटात वाटी येत नाही. पण हे त्या दिवशी कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. भुआसांचं नाशिकला ऑपरेशन झालं, फायब्रॉइड निघाले, त्या पुढे पंचवीस वर्षं जगल्या. शेजारची जागा हळूहळू भरली. भुआसा मात्र पुन्हा स्थानकात पुढे बसल्या नाहीत, शेवटपर्यंत भिंतीकडेलाच बसत.

पोटातली वाढ आणि गर्भ यांची गफलत जुनीच आहे. चरकसंहितेत रक्तगुल्म नावाचा विकार सांगितला आहे, तो फक्त स्त्रियांना होतो. त्याची लक्षणं गर्भासारखी दिसतात, म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्यावर उपचार करावेत असं तिथे सांगितलं आहे. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं त्यांनी निदान थांबायचा नियम केला होता. आमच्या गल्लीला तेवढाही धीर नव्हता.

आता शब्दांकडे येते. वही घेऊन बसा म्हणा हवं तर.

फायब्रॉइड, मायोमा आणि लायोमायोमा ही तीन नावं एकाच वस्तूची आहेत. एका दवाखान्यात फायब्रॉइड लिहिलं, दुसऱ्यात मायोमा, तर दोन आजार झाले असं समजू नका. "फायब्रॉइड" म्हणजे तंतूंसारखं. हे नाव खरं तर थोडं फसवं आहे, कारण ही गाठ मुख्यतः गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ असते. जर्मनीच्या रुडॉल्फ विरशॉव यांनी एकोणिसाव्या शतकात ते दाखवून दिलं. म्हणून शास्त्रीय नाव लायोमायोमा. ग्रीकमधे "लेइऑस" म्हणजे गुळगुळीत, "मिस" म्हणजे स्नायू आणि "ओमा" म्हणजे गाठ. आतडी, गर्भाशय यांचे जे स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाहीत त्यांना गुळगुळीत स्नायू म्हणतात, त्यांची ही गाठ.

शेवटच्या "ओमा"ला घाबरायचं कारण नाही. कार्सिनोमा आणि सार्कोमा हे कॅन्सर आहेत, पण दंडावर चरबीची मऊ गाठ येते ती लायपोमा, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. फायब्रॉइड तर इतके सर्रास असतात की अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पन्नाशीपर्यंत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त बायकांमधे ते सापडले. त्यातल्या कित्येकींना त्यांचा पत्ताही नसतो. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर असतो, पण तो फार विरळ, आणि तो साध्या फायब्रॉइडमधून तयार होतो असं सहसा मानत नाहीत.

पॉलिप ही वेगळी चीज आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून कोंबासारखी वाढ होते, ती पॉलिप. बहुतेक साधाच असतो, पण पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि पॉलिप निघाला तर काढून तपासायला पाठवतात.

अॅडेनोमायोसिसमधे सुटी गाठच नसते. आतल्या अस्तराचे पेशीसमूह भिंतीच्या स्नायूत शिरतात, भिंत जाड होते, पाळीत फार दुखतं. सुटी गाठ नसल्यामुळे "गाठ काढून टाका" हा उपाय इथे सहज लागू होत नाही. कधी कधी याला फायब्रॉइड समजलं जातं, म्हणून शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं.

हायपरप्लेशिया म्हणजे अस्तर जाड होणं. इथे पुढचा शब्द वाचायलाच हवा. "विदाउट एटिपिया" असेल तर बहुधा औषधांवर भागतं. "विथ एटिपिया" असेल तर ती कॅन्सरच्या वाटेवरची पायरी असू शकते, तिथे टाळाटाळ चालत नाही.

आणि दोन शब्द असे की ज्यांनी उगाच झोप उडते. "बल्की युटेरस" म्हणजे गर्भाशय नेहमीपेक्षा थोडं मोठं दिसलं, एवढंच. ते वर्णन आहे, आजाराचं नाव नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. दुसरा शब्द "नाबोथियन सिस्ट". गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्राव साठून झालेले बारीक फोड, मार्टिन नाबोथ या जुन्या जर्मन वैद्याच्या नावावरून हे नाव पडलं. बहुतेक वेळा त्याला काहीही करावं लागत नाही.

आता दुसरी बाई, माझी धाकटी जाऊ. तिच्यामुळे मला कळलं की आकड्याच्या आधी जागा वाचावी.

तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, "साधी गाठ आहे, लहान आहे." हे दोन्ही शब्द खरे होते. गाठ १९ एमएमची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाच्या मण्याएवढी. "साधी" म्हणजे कॅन्सर नाही. जावेनं त्याचा अर्थ घेतला की लक्ष द्यायचं काम नाही. पाळी दहा-दहा दिवस चालायची, पहिले तीन दिवस तासाला कपडा बदलायचा. तरी चातुर्मासात एकासणं चालू, पर्युषणात तेला केला. पारण्याच्या दिवशी जिना चढताना मधल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "भाभी, छातीत धडधडतंय." ओठ कागदासारखे पांढरे. हिमोग्लोबिन निघालं ६.२. आपल्याला निदान १२ तरी असायला हवं.

गाठ लहान होती, पण बसली होती गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत. रिपोर्टमधे तो शब्द होता, "सबम्युकोझल". त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, सगळ्यांनी १९ हा आकडा पाहिला. फायब्रॉइडच्या जागा तीन. पोकळीत डोकावणारा सबम्युकोझल, भिंतीच्या जाडीत बसलेला इन्ट्राम्युरल आणि बाहेरच्या अंगाला फुगलेला सबसिरोझल. जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, तिला फिगो म्हणतात, यांना शून्यापासून आठपर्यंत क्रमांक दिले आहेत. ०, १ आणि २ हे पोकळीतले, सातवा बाहेरच्या बाजूला देठावर लटकणारा. रक्तस्राव सगळ्यात जास्त करतात ते पोकळीतले, मग ते मण्याएवढे का असेनात.

जावेला रक्त चढवलं, लोहाची इंजेक्शनं दिली आणि नंतर खालून दुर्बीण घालून तेवढी गाठ काढली. पोटावर टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. गर्भाशय जागेवर राहिलं.

आठ दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला. तिच्या मुलानं तो मोबाइलवर उघडला आणि धावत माझ्याकडे आला, "बडी मम्मी, मॅलिग्नन्सी लिहिलंय!" मी चष्मा लावला. ओळ होती, "लायोमायोमा. नो इव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी." शेवटचा शब्द वाचून पोरगं घामानं निथळत होतं, त्याच्या आधीचे तीन शब्द त्याच्या डोळ्यांना दिसलेच नव्हते. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरचं, बिनाइन म्हणजे कॅन्सर नसलेलं. "कॅन्सरचा पुरावा नाही" असं त्या ओळीत लिहिलं होतं. त्याला पाणी दिलं, बसवलं, बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला.

मात्र बिनाइन म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. जाऊ जिन्यात बसली ती बिनाइन गाठीमुळेच. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तासा-दोन तासांत पॅड भरत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, दम लागत असेल तर "साधीच आहे" म्हणून बसू नये. तपाच्या आधी हिमोग्लोबिन पाहावं. आपल्या पचक्खाणात आगार ठेवलेले असतात, गंभीर आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीकही त्यात आहे. पूर्वाचार्यांनी ती विचार करूनच ठेवली. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डागही दिसला, किंवा त्या वयात गाठ नव्यानं वाढू लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आकसायला हवेत, कारण ते आपल्या हार्मोन्सवर पोसलेले असतात.

तिसरी माझ्या भावाची मुलगी, वय ४४. मूतखड्याच्या शंकेनं सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमधे "मल्टिपल इन्ट्राम्युरल फायब्रॉइड्स, लार्जेस्ट ४१ एमएम, बल्की युटेरस, नाबोथियन सिस्ट" असं सगळं एकदम आलं. पाळी पाच दिवस, त्रास काही नाही, हिमोग्लोबिन १२.४. पण संध्याकाळपर्यंत तिला सात फोन आले. सासरच्या मोठ्या नणंदेनं सांगितलं, काढून टाक. मामीनं सांगितलं, काढून टाक. "मुलं झाली ना दोन, आता पिशवी काय कामाची? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" तिनं ऑपरेशनची तारीखही विचारून ठेवली होती. मग मला फोन केला, "भुआ, तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "मी काही म्हणत नाही. रिपोर्ट घेऊन ये, दोघी वाचू."

हेच माझ्या डोक्यात बसलेलं आहे, कारण बीडचं प्रकरण मी वर्तमानपत्रात ओळ न ओळ वाचलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याची ती २०१९ सालची बातमी. विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. मी भागाकार करून पाहिला, शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभरात हे प्रमाण शंभरात साधारण तीन होतं. वयोगट अगदी सारखे नसतील, तरी तीन कुठे आणि सतरा कुठे.

या बायकांना काय सांगितलं गेलं, तेही छापून आलं होतं. पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झाली आहे, गाठ आहे, नाही काढली तर कॅन्सर होईल. यातला एकही शब्द निदान नाही. सूज कशाची, गाठ कुठली, किती एमएमची, काही नाही. आणि बायका हो का म्हणाल्या? कारण ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि पाळीच्या दुखण्यानं एक दिवस खाडा झाला तरी मुकादम दंड कापतो. दर महिन्याचा खाडा वाचावा म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायकांनी पोट कापून घेतलं. त्यानंतर बीडमधे खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असा नियम झाला. केंद्रानं २०२२मधे अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती तीन महिन्यांत अमलात आणा असं सर्व राज्यांना सांगितलं.

तुम्ही म्हणाल, आपण काही ऊस तोडायला जात नाही. खरं आहे. पण खाडा आपल्याकडेही आहे, सख्यांनो. ज्या घरांत अडचणीचे दिवस काटेकोर पाळतात, तिथे दहा दिवस पाळी म्हणजे दहा दिवस चुलीपासून लांब, सामायिक नाही, स्थानक नाही, व्याख्यान नाही. घरात साठ लोकांचं पारणं आणि नेमकी सून बाजूला. "एकदा काढून टाकलं की धर्म करायला मोकळी" हे वाक्य मी माझ्या कानांनी एकीच्या तोंडून ऐकलं आहे, ती वर्षीतप सुरू करणार होती. तिच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. कुणी काय पाळावं हे ज्या-त्या घरानं ठरवावं. पण ऑपरेशनच्या कागदावर कारण म्हणून "फायब्रॉइड" लिहिलं जाणार असेल आणि मनातलं कारण "अडचण" असेल, तर ती रक्कम चुकीच्या खात्यात पडली. अडचणीची अडचण घरातल्यांशी बोलून सुटू शकते. कापलेला अवयव परत येत नाही.

"पिशवी काढली" म्हणजे तरी काय काढलं, हेही विचारून घ्यावं. टोटल हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय आणि त्याचं तोंड, यात अंडाशयं येत नाहीत. कागदावर "विथ बीएसओ" असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही गेली. चाळिशीत अंडाशयं गेली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. कधी कधी हे ऑपरेशन करावंच लागतं, माझ्या भुआसांचं करावं लागलं. पण त्याच्या आधीच्या पायऱ्या असतात. नुसती देखरेख, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, फक्त गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं. कुठली पायरी कुणाला, हे डॉक्टर सांगतील, पण पायऱ्या आहेत हे आपल्याला माहीत हवं.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी भाचीला समजावलं होतं, "अशाता वेदनीयाचा उदय आहे, सहन कर." त्यांचा हेतू चांगला होता. पण आपलाच धर्म पाच समवाय सांगतो, काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. चौथ्यावर थांबून पाचवा सोडून कसं चालेल? रिपोर्ट वाचणं हा पुरुषार्थच आहे. आणि नावांचं म्हणाल तर आपल्याइतकी बारकाईनं नावं कुणी दिली असतील? कर्म आठ, त्यांच्या उत्तरप्रकृती १४८. आपले साधू निर्ग्रंथ, म्हणजे ज्यांच्या गाठी सुटल्या ते. राग-द्वेषाची गाठ भेदायची तर त्या गाठीपर्यंत नेणारं यथाप्रवृत्तिकरण वेगळं, ती भेदणारं अपूर्वकरण वेगळं, त्यापुढचं अनिवृत्तिकरण वेगळं. न दिसणाऱ्या गाठीची इतकी नावं ज्यांनी पाठ केली, त्यांनी सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठीला नुसतं "गाठ" म्हणून भ्यावं, हे मला पटत नाही.

भाची आणि मी रिपोर्टवर बसलो. वहीत पाच रकाने आखले. नाव काय, जागा कुठली, माप किती, त्रास कोणता आणि मागच्या वेळेपेक्षा फरक काय. नावात फायब्रॉइड. जागा भिंतीत. माप ४१ एमएम, म्हणजे लिंबाएवढं. त्रासाच्या रकान्यात ती बराच वेळ विचार करत राहिली आणि शेवटी लिहिलं, "नाही." पाचवा रकाना रिकामा, कारण ही पहिलीच सोनोग्राफी. वही घेऊन ती नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रकाने वाचले, स्वतः तपासलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू म्हणाले, मधे रक्तस्राव वाढला तर लगेच या.

ती आता दीड वर्ष होत आलं. पाचव्या रकान्यात तीन नोंदी झाल्या आहेत, ४१, ४२, ४१. मोठ्या नणंदबाई अजून विचारतात, "काढली का गं?" पुढच्या वेळी आकडा वाढला, त्रास सुरू झाला तर ती काढेलही, आणि तेव्हा काय काढतो आहोत ते तिला नावानं माहीत असेल.

तुमच्या कपाटातही जुन्या फाइली असतील. दुपारी सामायिक झालं की एक काढा आणि पहिला रकाना भरून पाहा. शब्द अडला तर खाली लिहा, मला जमेल तेवढं सांगेन, नाही जमलं तर डॉक्टरांना विचारायला दोघी मिळून प्रश्न तयार करू.

जय जिनेंद्र.